किलोला एक ग्रॅम कमी

कट्ट्यावरचे कायदेतज्ज्ञ फी घेत नाहीत, म्हणूनच त्यांचा सल्ला महागात पडतो. त्यांचा सध्याचा लाडका सल्ला असा : “किलोच्या आत गांजा असेल ना, तर टेन्शन नाही. लीगल आहे.” हे ऐकून कुणी खरोखरच पिशवी घेऊन निघण्याआधी खुलासा करणे भाग आहे. ‘एवढा चालतो’ असा गांजा आपल्या कायद्यात नाही. चिमूटभरही नाही.

१९८५ साली देशात ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ आला. हे नाव एका दमात न अडखळता म्हणता येणे हाच शुद्धीवर असल्याचा पुरावा धरावा, अशी आमची पोलिसांना नम्र सूचना आहे. या कायद्याखाली २००१ साली जो तक्ता निघाला, त्यात किलोचा आकडा आहे खरा. पण तो शिक्षेची पायरी सांगतो. किलोच्या आत ‘अल्प मात्रा’ : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक मात्रा’ : किमान दहा वर्षे, कमाल वीस, दंड लाखापासून पुढे, आणि जामीन हवा असेल तर खटला उभा राहण्याआधीच आपण निर्दोष दिसतो हे न्यायाधीशांना पटवायचे. या दोहोंच्या मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. चरसाचा काटा आणखी कडक : शंभर ग्रॅमच्या आत अल्प, किलोच्या वर व्यावसायिक.

आता हिशोब मांडा. ९९९ ग्रॅमवाल्याला जास्तीत जास्त एक वर्ष, हजार ग्रॅमवाल्याला दहापर्यंत. त्या शेवटच्या एका ग्रॅमची किंमत नऊ वर्षे. सोन्यालाही एवढा भाव कधी आला नाही. भाजीच्या गाडीवर ‘जरा वरून घाला हो’ म्हणणारे आपण लोक. काटा मारणारा दुकानदार ज्याला देवासारखा वाटावा, असे गिऱ्हाईक फक्त याच बाजारात सापडेल.

हे वजन होते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या कापसाच्या शेतात छापा पडतो. पुरुषभर उंचीची झाडे मुळासकट उपटली जातात. गावातून दोन पंच येतात, त्यांच्यामागून पंचनाम्यातले सर्वांत महत्त्वाचे पात्र येते : वजनकाटाधारक. काल ज्या काट्यावर कांदे मोजले, त्यावर आज झाडे चढतात. ओली, देठासकट, पानांसकट, मुळाला चिकटलेल्या काळ्या मातीसकट. आकडा कागदावर येतो, लाखेचे सील बसते, फोटो निघतो.

गंमत अशी, की कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फक्त फुलोऱ्याचे शेंडे. शेंडा सोबत नसेल तर पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही. आरोपीचे वकील हाच धागा पकडतात आणि कोर्टात वनस्पतिशास्त्राचा तास सुरू होतो. पान निर्दोष ठरले म्हणूनच जैसलमेरमध्ये भांगेचे सरकारमान्य दुकान राजरोस चालते. महाराष्ट्रात मात्र पानाने फार हुरळून जाऊ नये. केंद्राच्या कायद्यातून निसटले तरी इथे १९४९ चा दारूबंदी कायदा वाट पाहत उभा आहे. एकाच झाडाचा शेंडा दिल्लीकडे, पान मुंबईकडे. संघराज्याची इतकी सुबक वाटणी जीएसटीतही जमली नाही.

आणि अख्खे झाड? त्याला अल्प मात्रा नाहीच. लागवडीला, मग ते कुंडीतले एकच रोप का असेना, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. थोडा गांजा तोडून खिशात ठेवला तर एक वर्ष, रोपाला रोज पाणी घातले तर दहा. झाडे लावा, झाडे जगवा म्हणणाऱ्यांनी जात विचारून खत घालावे.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली : अमली पदार्थात काही मिसळले असेल तर मिसळलेल्या मालासकट सगळे वजन धरायचे. दुधात पाणी घालणारा सुटेल, पण या धंद्यात भेसळ अंगाशी येते.

हा तक्ता तोंडपाठ कुणाला असणार? धंदा करणाऱ्याला. कुठली पिशवी किती भरायची, हे त्याला कळते. पुडी घेऊन कोपऱ्यावर सापडणाऱ्या पोराला काहीच ठाऊक नसते. त्याच्या कामाची एक सूट कायद्यात आहे, कलम ६४ अ : अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. कट्ट्यावर ग्रॅमची चर्चा रात्री एकपर्यंत चालते. या कलमाचे नाव कुणी काढत नाही.

एवढे काटेकोर वजन करून मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या खोलीत जातो, आणि तिथे कायद्याचे काही चालत नाही. २०२२ मध्ये मथुरेच्या पोलिसांनी कोर्टाला सांगितले, की जप्त केलेला ५८१ किलो गांजा उंदरांनी फस्त केला. म्हणजे व्यावसायिक मात्रेच्या एकोणतीसपट. २०२३ मध्ये चेन्नईत बावीस किलोच्या खटल्यातला जवळपास सगळा माल उंदरांच्याच नावे लागला आणि दोन आरोपी निर्दोष सुटले.

तेव्हा २००१ च्या तक्त्यात एक रकाना वाढवावा, अशी आमची मागणी आहे. मूषक मात्रा : कितीही. शिक्षा : नाही. जामीन : लागत नाही. अट एकच, माल पोलिसांच्याच ताब्यात असला पाहिजे.