बिनधक्क्याचे नाना

नानांकडे बंदूक नाही. परवाना नाही, परवान्यासाठी केलेला अर्जही नाही. तरीही येडशीत, लातूर-बार्शी रस्ता सोलापूर-धुळे महामार्गाला भेटतो त्या बाजूच्या टपरीवर कुणी नुसतं ‘काडतूस’ म्हणालं की चहावाला गॅस बारीक करतो. आता तासभर कुणी उठत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक आहे.

नाना पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीत कालव्याला पाणी आलं की नाही यापेक्षा ते किती क्युसेकनं यायला हवं होतं, याची नोंद त्यांच्याकडे पक्की असायची. तीच सवय पुढं काडतुसांना लागली. माणसाला बंदूक घ्यायची असेल तर तो दुकानात जातो, पैसे मोजतो, घरी येतो. नानांना घ्यायची नाहीये. कोणती घ्यावी, हे ठरवायचंय. आणि अट एकच, शिकारीला आणि नेमबाजीला एकच काडतूस चाललं पाहिजे, पण खांद्याला धक्का बसता कामा नये.

या अटीमागं एक इतिहास आहे. तरुणपणी नाना रात्री ज्वारीच्या राखणीला मामांच्या माळ्यावर बसले होते. मामांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बाराबोर. खाली रानडुकरं खसखसली, मामा डुलकी घेत होते, नानांनी बंदूक उचलली आणि दस्ता खांद्याला घट्ट न लावताच घोडा ओढला. डुकरांना काहीही झालं नाही. नाना माळ्यावरून कडब्यात. खांदा आठवडाभर वांग्याच्या रंगाचा होता, असं त्यांच्या घरचे सांगतात. नाना स्वतः एवढंच म्हणतात, “काडतूस चुकीचं होतं.”

ते रिकामं काडतूस अजून त्यांच्या खिशात असतं. पितळी बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं ठोकलेली, म्हणजे खडकीचा कारखाना. कडा बोटांनी घासून घासून गुळगुळीत झाल्यात. नवा माणूस भेटला की नाना ते त्याच्या नाकाखाली धरतात. “बघा, दारूचा वास अजून हाय.” मला तरी तंबाखूचा आला.

त्या रात्रीपासून नाना अभ्यासाला लागले. आणि अभ्यास मात्र खरा आहे, हे मान्य करायला हवं. धक्का कशानं बसतो, हे त्यांच्याइतकं स्वच्छ मी कुणाकडून ऐकलेलं नाही. गोळी जेवढ्या जोरानं पुढं जाणार, तेवढ्याच जोरानं बंदूक मागं येणार. गोळीचं वजन, तिचा वेग, नळीतून बाहेर पडणाऱ्या दारूच्या वायूचा जोर, हे सगळं खांद्याच्या खात्यात जमा. त्यातून वजा होतं ते फक्त रायफलीचं स्वतःचं वजन. रायफल जड तेवढा धक्का कमी. “मग जडच घ्या की,” असं कुणी म्हणालं तर नाना रामलिंगच्या घाटाकडे बोट दाखवतात. “अन् ती वर कोन वाहनार? तू?”

काडतुसांच्या जगात वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि इथं नानांनी एक शोध लावलाय ज्याचा त्यांना फार अभिमान आहे. इंग्रजांनी १८३३ साली तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणून नाना सगळा हिशेब सराफाच्या दुकानात बसून समजावतात. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी म्हणजे अक्षरशः एक तोळा, वर दारू साडेतीन-पावणेचार मासे. टू-फोर्टी-थ्रीची १०० ग्रेनची गोळी म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडी वर. पॉइंट टू-टूची ४० ग्रेनची, पाव तोळासुद्धा नाही. आणि मामांच्या बाराबोरमधले छर्रे? पावणेतीन तोळे! “पावनेतीन तोळं एका झटक्यात अंगावर घालायचं म्हनलं तर लग्नातली नवरीबी वाकती,” असं म्हणून नाना दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात. सराफ त्यांना बसू देतो, कारण नाना आले की भाव विचारायला आलेली माणसंसुद्धा थांबतात.

काडतुसं नाना जुन्या काळच्या मुलीच्या बापासारखी बघतात. स्थळ कितीही चांगलं असो, एक खोट निघतेच. थर्टी-ओ-सिक्स १९०६ सालचं, घराणं मोठं, पण अंगानं दांडगं. थ्री-फिफ्टीन आपल्याच देशातलं, ईशापूरच्या रायफलीचं, दुकानात सहज मिळणारं. पण गोळी जड आणि स्वभाव रांगडा. थ्री-नॉट-एट १९५२ सालचं, सुधारलेलं, तरी नानांच्या खांद्याला भारीच. मग त्याच घरातलं धाकटं निघालं. थ्री-नॉट-एटचंच कवच, फक्त गळा आवळून सहा मिलिमीटरच्या गोळीला बसवलेलं टू-फोर्टी-थ्री विंचेस्टर, १९५५ सालचं. धक्का थर्टी-ओ-सिक्सच्या साधारण निम्मा. कागदावर सरळ, हरणाच्या आकाराच्या जनावराला पुरेसं. नानांनी पसंती कळवली. टपरीवर पेढे वाटले, भूमच्या खव्याचे.

पसंती टिकली ती शिकारी कॉर्बेटचं पुस्तक वाचेपर्यंत. चौगडच्या नरभक्षक वाघिणीला १९३० साली कॉर्बेटनं मारलं ते टू-सेव्हन्टी-फाइव्ह रिग्बीनं, म्हणजे मूळच्या सात मिलिमीटर मॉझरच्या काडतुसानं. आणि त्या वेळी त्याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. रायफल एका हातानं फिरवून बार काढला. वाचणारा इथं वाघिणीसाठी हळहळतो किंवा कॉर्बेटच्या धाडसानं थक्क होतो. नाना अंड्यांपाशी थांबले. “अंडी फुटली न्हाईत! ह्याला म्हनायचं काडतूस!” टू-फोर्टी-थ्रीची सोयरीक मोडली. पुढं साडेसहा मिलिमीटरचं स्वीडिश आलं, त्यानंतर २००७ सालचं क्रीडमूर. लांबच्या निशाण्याला स्थिर, खांद्याला सौम्य. डायरीत, म्हणजे एका खतकंपनीनं वाटलेल्या जुन्या डायरीत, प्रत्येकाला एकेक पान आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘अंतिम निर्णय’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. अशी पानं बरीच आहेत.

यातलं थ्री-फिफ्टीन सोडलं तर एकही काडतूस येडशीच्या माणसाला विकत मिळण्यासारखं नाही, ही गोष्ट नानांना बोचत नाही. १९८० च्या दशकापासून साध्या नागरिकाला परदेशी बंदूक मागवण्याची वाट बंद आहे; नामवंत नेमबाजांना तेवढी सवलत. जिल्ह्याच्या गावात बाराबोर, थ्री-फिफ्टीन, टू-टू एवढ्यावर निवड संपते. पण निवड संपली तर नानांनी करायचं काय?

शिकारीचं तर नावच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते प्रकरण मिटवलं, आणि गावाला लागूनचा रामलिंग घाट १९९७ पासून अभयारण्य आहे. तिथं माकडांनी भाविकांच्या हातातले नारळ पळवायचे आणि भाविकांनी हात जोडायचे, एवढीच झटापट चालते. रानडुकरं आणि रोही पिकांचा सत्यानाश करतात हे खरं. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी काढावी लागते. पण सोयाबीन वाचवायला बहुतेक शेतकऱ्यांनी बांधाला जुन्या साड्या बांधल्या, काहींनी सौर कुंपणाचं झटका मशीन आणलं. गावभर लोक झटका विकत घ्यायला लागले आणि नाना तो टाळायची वही भरत बसले.

त्यांच्या शेजारी एक पाटील आहेत, खरी बंदूक असलेले. त्यांची बंदूक कपाटातून निघते ती फक्त निवडणुकीची आचारसंहिता लागली की, पोलीस ठाण्यात जमा करायला. लोकसभा, विधानसभा, मग जिल्हा परिषद. जाताना पाटील टपरीवर थांबतात, बंदूक पिशवीत, चेहरा त्रासलेला. नाना त्यांना चहा पाजतात. “म्हनून म्या घेतली न्हाई,” म्हणतात. पाटलांना बार काढलेला आठवत नाही आणि नानांना विसरता येत नाही. दोघांचं चांगलं जमतं.

नानांचं खरं शास्त्र आहे ते दचकण्याचं. धक्क्याची भीती बसलेला माणूस बार निघायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा पुढं टाकतो, चाप हिसकतो, आणि गोळी खाली जाते. नेम चुकत नाही, माणूस चुकतो. ओळखायची युक्ती अशी, की त्याला न सांगता भरल्या काडतुसांत एखादं रिकामं मिसळायचं. बार नाही, आवाज नाही, तरी नळी खाली झुकली तर समजायचं. नाना हे छत्री खांद्याला लावून दाखवतात. गाल दांडीला टेकलेला, डावं कोपर बरगडीला, श्वास अर्धा सोडलेला. खरोखर बघण्यासारखी ढब असते. एकदा टपरीवरच्या पोरानं मागं उभं राहून भज्यांची कागदी पिशवी फुगवून फोडली. छत्री उघडली. पोराच्या मते नाना दचकले. नानांच्या मते छत्रीचा चाप हलका होता.

१ ऑगस्ट २०२४ ला मात्र नानांचे दिवस फिरले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं, ४५१.४ गुण, आणि काडतूस कोणतं? टू-टू! पाव तोळ्याच्या आतलं! पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याहूनही लहान, ते गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्यानं वेधायचं. नानांनी वर्तमानपत्रातलं कात्रण डायरीत चिकटवलं आणि टपरीवर जाहीर केलं की महाराष्ट्रानं अखेर त्यांचा सिद्धांत मान्य केला.

“मग आता टू-टूच की, नाना,” कुणीतरी म्हणालं.

“निशान्याला हो. डुकराला न्हाई. जखमी करून सोडायचं पाप कोन घेनार?”

झालं. पुन्हा पहिल्या पानावर.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात रामलिंगच्या अभयारण्यातल्या वनखात्याच्या कॅमेऱ्यात वाघ आला. खरा पट्टेरी. यवतमाळच्या टिपेश्वरहून चारशेहून अधिक किलोमीटर चालत. सगळी येडशी सांजच्याला दारं लावून बसू लागली आणि टपरीवर पोरांनी नानांना घेरलं. वाघाला कोणतं काडतूस? नानांनी चहाचा कप खाली ठेवला. “वाघाला हात लावला तर जामीन मिळत न्हाई. गप बसा.” पण चार दिवसांनी, वाघाला बेशुद्ध करून पकडायला पथक आल्याचं कळल्यावर, तेच एका वनरक्षकाला रस्त्यात गाठून विचारत होते. डार्टची बंदूक वायूच्या दाबावर चालते म्हणतात, तिला धक्का किती?

“धक्का बंदुकीला नसतो, नाना,” वनरक्षक म्हणाला. “वाघ उठल्यावर असतो.”

वाघ महिनोन् महिने पथकाच्या हाती लागला नाही. नानांनी त्याचं श्रेय डार्टच्या मंद वेगाला दिलं.

यंदा उन्हाळ्यात नातवानं पुण्याहून छर्र्याची एअर रायफल आणली. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, वीस ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना नको. अंगणात डबा टांगला. घरातल्या सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो. नानांनी चष्मा पुसला, कोपर बरगडीला लावलं, अर्धा श्वास सोडला, आणि चाप ओढला. डबा वाजला! नातवानं टाळी पिटली. नाना मात्र रायफल हातात धरून तशीच बघत राहिले.

स्प्रिंगची एअर रायफल असते ना, तिच्यातला दट्ट्या पुढं सुटताना बंदूक मागं येते, आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढं जाते. एवढंसं, कुणाच्या लक्षातही न येणारं.

“ही दोन्हीकडून लाथ मारती,” नाना म्हणाले आणि रायफल नातवाच्या हातात दिली. “स्प्रिंगची नको. हवा भरून ठिवायची येती, ऑलिम्पिकवाले वापरतात ती बघाय पायजे.”

“आजोबा, ती लय महाग असती.”

“महाग असू दे. घ्यायची कुठं हाय?” डायरीचं नवं पान उघडलं होतं. “पर हवा भराय पंप लागतो म्हनं. त्या पंपाचा धक्का किती, ते आधी काढ.”