अडलेल्या बांधणीचा एरर कसा लिहावा

डेबियनमध्ये गिटच्या भांडारातून पॅकेज बांधण्यासाठी ‘गिट-बिल्डपॅकेज’ हे साधन वापरतात. त्याची आज्ञा ‘जीबीपी’. बांधणी अडली की साधनाने एरर द्यावा. तो लिहिण्याचे नियम असे:

१. एरर खरा असावा. मात्र नुसता खरा नसावा. ‘अपस्ट्रीम/१.० हा वैध ट्रीइश नाही’ हे जीबीपीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. ज्या नावामागे गिटला फायलींचे झाड सापडते ते नाव म्हणजे ट्रीइश: टॅग, ब्रँच किंवा कमिट. सांगायचे असते एवढेच, की मूळ सॉफ्टवेअरच्या १.० आवृत्तीचा टॅग इथे नाही. बहुधा तो आणायचाच राहिला. दूध संपले हे न सांगता ‘सदर पातेले दुग्धधारक नाही’ असे कळवण्यातला हा प्रकार.

२. जे नाव शोधले तेच छापावे. आवृत्तीतले ‘~’ गिटच्या टॅगात चालत नाही, म्हणून जीबीपी त्याचे ‘_’ करते. हे ठाऊक नसलेला माणूस भांडार पालथे घालतो, आणि टॅग समोरच असतो.

३. उद्गारचिन्ह वापरू नये. माणूस आधीच वैतागलेला असतो.

४. शेवटची ओळ सर्वांत जपून लिहावी, कारण तेवढीच वाचली जाते. कमिट न केलेले बदल दिसले की जीबीपी अडवते, फायलींची यादी देते आणि शेवटी सुचवते: दुर्लक्ष करायचे तर ‘--गिट-इग्नोर-न्यू’ वापरा. चौकीदाराने झडती घ्यावी आणि जाता जाता मागच्या दाराची किल्लीही द्यावी! पुढच्या आठवड्यात तो पर्याय सेटिंगमध्येच जाऊन बसतो. पॅकेज तयार होते. ते नेमके कोणत्या कमिटचे, हे गिटलाही सांगता येत नाही. पर्याय चिकटवणारा आळशी नसतो. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि पॅकेज सकाळी हवे असते. म्हणून पळवाट आधी लिहावी आणि ‘कमिट करा किंवा स्टॅश करा’ हे शेवटी.

५. कारण, पुरावा आणि उपाय एकत्र द्यावेत. मूळ कोडमध्ये अनपेक्षित बदल सापडले की ‘डीपीकेजी-सोर्स’ हे डेबियनचे साधन थांबते, फरकाची फाइल कुठे ठेवली ते सांगते आणि पुढची आज्ञाही सुचवते. इतके पुरते.

६. एरर दिल्यावर शून्य संकेत परत करू नये. स्क्रिप्टला मराठी किंवा इंग्रजी वाचता येत नाही; ती फक्त आकडा पाहते, आणि शून्य म्हणजे सगळे ठीक.