तो आमचा नव्हेच!

पालक सभेला मी माफीची तयारी करूनच जातो. आमचे चिरंजीव आंघोळीचं नाव काढलं की पलंगाखाली जातात, वरण-भात दिसला की ताट सरकवतात आणि मोबाईल काढून घेतला की शेजारच्या काकू "काय झालं हो?" म्हणत दार वाजवतात. त्यामुळे "बाई, आम्हीही हैराण आहोत" हे वाक्य यंदा पाठच होतं.

बाई म्हणाल्या, "फार गुणी मुलगा. डबा वाटून खातो, खडू-डस्टर जागेवर ठेवतो."

मी विचारलं, "बाई, हजेरी क्रमांक बरोबर पाहिलात ना?"

मग मी पोटच्या पोराविरुद्ध पुरावेच मांडायला घेतले. त्याचा गडाबडा लोळतानाचा व्हिडिओसुद्धा दाखवला. मागचे पालक घड्याळं बघू लागले. शेवटी बाईंनी हात जोडून समुपदेशकांकडे पाठवलं. मुलाला नव्हे, मला.

तिथल्या मॅडमनी प्रश्नावली पुढे केली. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये मांडलेली. विधानं २५, उत्तरं तीनच प्रकारची: खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. पालकांनीही भरायची, शिक्षकांनीही. बाईंनी भरली, हिने भरली, मी भरली. कागद तीन आणि मुलगेही तीन! 'मोठ्यांचं ऐकतो' याच्यापुढे हिने 'अगदी खरं' केलेलं. म्हणजे हिचं ऐकतो, ही बातमी मला शाळेत कळली.

मॅडमना नवल वाटलं नाही. मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एकाच मुलाबद्दलची वेगवेगळ्या माणसांची मतं ताडणारे ११९ अभ्यास एकत्र तपासले होते. आई आणि वडील अशा एकाच भूमिकेतल्या जोड्यांच्या मतांचा सहसंबंध सरासरी ०.६०, पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांचा अवघा ०.२८. "खोटं कुणीच बोलत नाही," मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाला आपल्यासमोरचं मूल दिसतं. म्हणून तर अतिचंचलतेचं निदान करताना लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, हे बघतात. वर्गात घंटा झाली की तास संपतो. तुमच्याकडे मोबाईलची वेळ कधी संपते?"

आमच्याकडे 'शेवटची पाच मिनिटं' तासभर चालतात. हे मी सांगितलं नाही, चिरंजीवांनीच सांगितलं. अगदी शांतपणे, हाताची घडी घालून.

तेव्हा पालकहो, शाळेतून तक्रार आली तर "घरी तर असं करत नाही" म्हणून बाईंशी भांडू नका. आणि कौतुक झालं तर मुळीच भांडू नका. प्रगतिपुस्तकावर सही करा आणि निघा.