प्रशिक्षण कायम, शिक्षक हंगामी

हिंजवडीजवळच्या मारुंजीतून निघून वाकडला अडकलं नाही, तर अर्ध्या-पाऊण तासात पुण्यातल्या पाषाणची ‘आयसर’ ही विज्ञान संस्था गाठता येते. पदवीच्या विज्ञान शिक्षकांसाठी या संस्थेनं ब्रिटिश कौन्सिल आणि शेफिल्ड हॅलम विद्यापीठाच्या साथीनं कार्यशाळा घेतल्या. फळ्याकडे तोंड करून बोलत राहण्यापेक्षा मुलांना विचार करायला कसं लावायचं, हा त्यांचा गाभा. काम मोलाचं आहे. माझं भांडण आहे ते अशा प्रशिक्षणापर्यंत कोण पोचतं, यावरून.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे कायम प्राध्यापकाच्या बढतीशी जोडलेले आहेत. पण एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, प्रॅक्टिकलला उभं कोण असतं? कितीतरी कॉलेजांत सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे सर, सीएचबीवाल्या मॅडम. नेट-सेट झालेली, हुशार माणसं. तास झाला तर मानधन. कार्यशाळेला गेलं की तेवढ्या तासांवर पाणी. बढती नाहीच आणि पुढच्या जूनमध्ये याच कॉलेजात असू याचीही खात्री नाही.

वर्गात संधी कुणाला मिळते, हा समतेचा प्रश्न मात्र नेमका त्यांच्याच टेबलावर येतो. टायट्रेशन चालू आहे, चौघांत एक ब्युरेट. इंग्रजीत फाडफाड बोलणारा मुलगा तोटी धरतो, फिकट गुलाबी रंग आला की तोच ओरडतो. मुलगी रीडिंग लिहून घेते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले उरलेले दोघं मागून बघतात. जर्नल चौघांचं सारखं, सहीही चौघांना. वर्ष संपतं तरी त्या मुलीनं तोटी एकदाही फिरवलेली नसते! दर रीडिंगला हात बदलायचा, व्हायवाचा पहिला प्रश्न मराठीत विचारायचा, एवढ्यानंही चित्र पालटू लागतं. पण हे शिक्षकाला कुणी दाखवलं पाहिजे, करून घेतलं पाहिजे.

पलीकडे हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपन्या नव्या पोरांना आधी पगार देऊन शिकवतात, मग कामाला लावतात. कॉलेज मात्र नेमणूकपत्र देतं आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उभं करतं. शासनानं सीएचबीच्या नेमणूकपत्रातच सत्र सुरू होण्याआधीचं आठवड्याचं प्रशिक्षण घालावं, ते दिवस तासिका म्हणून धरावेत आणि त्यांचं मानधन पहिल्याच महिन्यात द्यावं.