बाकांचे बोल्ट काढा

तंजावरला मोडी या जुन्या मराठी लिपीच्या वाचनाच्या पाच दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण हीच तक्रार मी आमच्याकडच्या कितीतरी कॉलेजांबद्दल करू शकतो. तक्रार बाकांपासून सुरू होते.

वर्गातले बाक फरशीला बोल्ट मारून पक्के केलेले. सगळ्यांची तोंडं फळ्याकडे. कार्यक्रमपत्रिकेत मात्र दुपारच्या सत्राचं नाव होतं 'सहयोगी अध्ययन'. तिघांना एका कागदावर वाकायचं, तर पुढच्यानं मान मागे वळवायची, मागच्यानं अर्धं अंग बाकावर टाकायचं आणि तिसऱ्यानं मधल्या वाटेत उभं राहायचं. वीस मिनिटांत मान अवघडली. सत्रही वीसच मिनिटांचं होतं, कारण सकाळचं उद्घाटन लांबलं होतं आणि वेळ कापायची तर ती गटांचीच कापायची, असा सगळीकडे रिवाज आहे.

गट पाडले हजेरीपटाप्रमाणे. आमची नावं महाराष्ट्रातून एकगठ्ठा गेलेली, त्यामुळे मराठी मुलं एका गटात आणि तमिळ मुलं दुसऱ्या गटात. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. तंजावरचा मोडी कागद एकट्या मराठी माणसाला पुरता वाचताच येत नाही.

मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं धावती लिहीत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. शब्द कुठं संपला हे अर्थावरूनच कळतं. तंजावरात 1676 ते 1855 मराठ्यांचं राज्य होतं. दप्तर मोडीत, पण गावं, शेतं, मापं आणि माणसं तमिळ मुलखातली. म्हणजे अक्षर आमचं आणि अर्धा अर्थ त्यांचा.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत व्हरांड्यात घडलेली गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एका मुलानं मोडी कागदाच्या झेरॉक्सवर 'चाळीस कलम' असं बरोबर वाचलं आणि करारातली चाळीस कलमं शोधत बसला. शेजारी उभ्या असलेल्या तमिळ मुलीला मोडी येत नव्हती. तिनं विचारलं, आधी काय लिहिलंय? 'भात', तो म्हणाला. मग ती म्हणाली, कलम हे धान्याचं माप आहे, बारा मरक्काल म्हणजे एक कलम. आमची आजी अजून असंच मोजते. त्या हिशेबानं खालची बेरीज करून पाहिली, ती जुळली. पुढच्या ओळीत ती 'पैकी'पाशी अडली. तो शब्द त्यानं तिला समजावला, आकडे बोटानं दाखवत. दहा मिनिटांत दोघांनी अख्खं पान लावलं. तेवढ्यात आतून हाक आली, गटचर्चा सुरू होतेय, आपापल्या गटात बसा.

दोघं आपापल्या गटात जाऊन बसले. आमच्या गटानं एक कागद लिहून दिला. त्यावर पाच नावं होती. लिहिलं दोघांनी, गुण पाचांना सारखे मिळाले. त्यात एकानं झेरॉक्स उघडलीसुद्धा नव्हती. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली ती एकेकट्याची, आणि पर्यवेक्षक दर पाच मिनिटांनी 'बोलू नका' म्हणत होते.

एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा कुणाचाच पुरा होईना. गटाचं मर्म तेच आहे: प्रत्येकाकडे असं काहीतरी हवं, जे बाकीच्यांकडे नाही. सारखीच माणसं एका बाकावर बसवली तर तो गट होत नाही, नुसती गर्दी होते.

आणि हे तंजावरला सांगावं लागावं, याचं मला दुःख आहे. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी माणसं एकत्र आणली. तिथल्या उपचारांची माहिती तमिळ पद्यात बांधून घेतली, म्हणजे स्थानिक माणसाच्या तोंडी राहील. जगाचा भूगोल सांगायला त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' रचलं: भाषा मराठी, नाट्यप्रकार तमिळ. दोन्हीकडचे लोक एका जागी बसल्याशिवाय यातलं काही झालं नसतं. पुढे तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं मोडी कागदांची तमिळ भाषांतरं छापली, तीही दोन्ही भाषांच्या आधारानंच.

आमच्या परतीच्या गाडीत मुलं कलम आणि मरक्कालबद्दलच बोलत होती. गटाच्या कागदात काय लिहिलं, ते कुणालाही आठवत नव्हतं.

म्हणून पुढची कार्यशाळा जे कुणी घेतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बोल्ट काढणं जमत नसेल तर व्हरांड्यात सतरंज्या टाका. तिघांचा गट करा: एक मोडी येणारा, एक तमिळ येणारा, एक हिशेब जाणणारा. एक पान द्या आणि पुरता एक तास द्या. भाषण कापा, हा तास कापू नका. कुणी काय लावलं ते ज्याच्या-त्याच्या नावापुढे लिहा आणि गुण त्यावर द्या. परीक्षेतही एक प्रश्न तरी असा ठेवा, जो शेजारच्याशी बोलूनच सुटेल. मोडी येणारी माणसं आता थोडी उरली आहेत, आणि कलमात मोजणाऱ्या आज्याही.