हुशार घरातली बाकीची माणसं

घरात एक मूल हुशार निघालं की उरलेल्यांची नावं ‘आणि इतर’मध्ये जातात.

‘यंग शेल्डन’ ही अमेरिकन मालिका २०१७ ते २०२४ अशी सात सीझन चालली. नऊ वर्षांचा शेल्डन एकदम हायस्कुलात जातो आणि थोरल्या भावाच्याच वर्गात बसतो. त्या भावाचं काय होत असेल, ते भाऊच जाणे! वडील त्याच शाळेत फुटबॉलचे कोच. आई देवभक्त, पोरगा देव न मानणारा. आणि जुळी बहीण मिसी. पुस्तकात तिला गती नाही, पण घरात कोण कोणावर का रुसलंय ते तिला अचूक कळतं. माझ्या मते मालिका खरं तर तिची.

मे महिन्यात किहीमच्या घरी वहिनी ही मालिका अभ्यासक्रम म्हणून बघते, कारण आमचा पुतण्या हुशार आहे. त्याला तेवीसचा पाढा उलटा येतो, ही बातमी चोंढीच्या बाजारापर्यंत गेलीय. ‘तो विचार करतोय’ म्हणून पंख्याखालची खुर्ची त्याची, सुरमईची मधली तुकडीही त्याचीच. धाकटीच्या ताटात शेपटीकडची.

किहीमला खरा असामान्य माणूस येऊन गेला तो १९३० साली. पक्षीतज्ज्ञ सालिम अली. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी मुंबईत खेतवाडीत वाढवलं. एअरगनने पाडलेली चिमणी वेगळी दिसली, तेव्हा शिकारी मामांनी भाच्याला थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे धाडलं. पुढे गणिताने त्याला कॉलेजात रडवलं. आमच्याकडे असता तर पक्षी बंद आणि शिकवणी सुरू! जर्मनीहून शिकून आले तोवर संग्रहालयातली नोकरी पैशांअभावी रद्द झाली होती. मग पत्नी तेहमिनांसह किहीमला मुक्काम, आणि तिशी उलटलेला बेकार गृहस्थ सुगरणींची घरटी न्याहाळत बसला.

त्यांना दिसलं ते असं : नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते. नर उरलेलं पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारीच नवं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी.

हे मी जेवताना सांगितलं.

“आपल्या बिल्डरसारखंच,” आई म्हणाली, “पण निदान पहिलं पुरं करून तरी जातो.”

पुतण्याने लगेच एका नराला मोसमात किती घरटी, याचं गणित मांडलं. धाकटी काटे काढत होती. तिने विचारलं, “काका, ते दिवसभर झाडाकडे बघत बसायचे, मग बाजारात कोण जायचं?”

वहिनीने टीव्हीचा आवाज वाढवला.