तहानलेली जीप

मे महिना सरत आला की शहाणी माणसं गच्चीची गळती काढून घेतात, छत्र्यांच्या काड्या बघतात आणि गाडीचे वायपर बदलतात. आमच्या घरात यातलं काहीही होत नाही. आमच्याकडे जीपच्या पोटाखाली जुनं पोतं अंथरलं जातं, त्यावर नवरा उताणा होऊन आत सरकतो आणि पुढचे काही रविवार मला त्याच्या फक्त चपला दिसतात. गच्ची गळते ती गळते. दिवाणखान्यात टपटप सुरू झालं की बालदी ठेवायची जबाबदारी माझी. पण जीपच्या मागच्या एक्सलमध्ये थेंबभर पाणी गेल्याचा नुसता संशय आला, तरी त्या माणसाला रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

जीप जुनी आहे, फोर बाय फोर आहे आणि माझ्या आधी या घरात आलेली आहे. त्यामुळे मानपानाच्या बाबतीत मी तिच्याशी कधी वाद घालत नाही.

जीप पाण्यात घालायच्या नादात पहिली खरेदी होते स्नॉर्केलची. स्नॉर्केल म्हणजे बॉनेटच्या कडेनं निघून पार टपापर्यंत चढलेलं काळं नळकांडं. गाडी पाण्यात उतरली तरी इंजिनाला हवा उंचावरून मिळावी, हा त्याचा हेतू. हेतूत खोट नाही. हवेबरोबर सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन ते दाबायला जातो. हवा दबते, पाणी दबत नाही, मग दबण्याची पाळी कनेक्टिंग रॉडवर येते आणि तो वाकतो. इंजिन जागच्या जागी ठप्प. तेव्हा स्नॉर्केल उपयोगाचं आहेच. फक्त लोक ते घेतात ते उपयोगासाठी नव्हे, दिसण्यासाठी. आमच्याकडे ते बसलं त्या दिवशी सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, ‘साहेब, धूर वरनं सोडायला बसवलं काय?’ साहेबांनी त्याला तिथल्या तिथे पिस्टनपासून समजावून सांगितलं. तेव्हापासून आमची जीप लांबून दिसली की वॉचमन गेट सताड उघडतो आणि स्वतः पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहतो.

खरा घोळ मात्र वर होत नाही, खाली होतो. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा एक्सल, मागचा एक्सल: इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी ही मंडळी आपापल्या बंद खोलीत, तेलात न्हात काम करत असतात. त्यांच्याकडे कुणी वाकून बघत नाही. मला त्यांची ओळख करून दिली ती आमच्या मिस्त्रींनी. नवरा त्यांच्यापुढे ‘पाणी शिरतंय कुठून’ म्हणून डोकं धरून बसला होता. मिस्त्रींनी हात पुसले आणि मला म्हणाले, ‘वहिनी, पाणी काय आपणहून शिरत न्हाई. गाडीच पाणी पिती.’

जीप घाट चढून येते तेव्हा एक्सलमधलं तेल आणि त्यावरची हवा चांगलीच तापलेली असते. ओढा दिसतो. ओढा दिसल्यावर जीपवाल्याला थांबवणं हे ब्रह्मदेवाच्याही हातात नाही. तापलेलं लोखंड गार पाण्यात जातं आणि आतली हवा झटकन आकसते. गरम उपम्याचा स्टीलचा डबा झाकण लावून तसाच निवू द्या, मग ते झाकण काढायला घरातला सगळ्यात धट्टाकट्टा माणूस लागतो. एक्सलच्या आत नेमकं तेच चाललेलं असतं. ८० अंशांची हवा २५ अंशांवर आली की जवळजवळ सहावा हिस्सा कमी होते. आत दोन लिटर हवा धरली, तर भरून काढायची जागा झाली ३०० मिलिलिटर. म्हणजे दोन कप. बाहेर चहूकडे ओढा असताना एक्सल ते दोन कप कशानं भरून काढणार?

‘पण ऑइल सील आहेत ना!’ नवरा म्हणाला.

‘सीलाचं तोंड आतल्या बाजूला असतंय साहेब. तेल भायेर जाऊ नये म्हणून त्याला बसवलाय. आत कोण येतंय ते बघायचं काम त्याला कुणी सांगितलंच न्हाई.’

ही ओढाताण होऊ नये म्हणून प्रत्येक बंद खोलीच्या, म्हणजे हाउसिंगच्या, डोक्यावर एक ब्रीदर असतो. बोराएवढी टोपी, खाली बारीक भोक. आत गरम झालं की हवा बाहेर जाते, गार झालं की परत येते. इतका साधा, बिनआवाजी कारभार. पण ही टोपी एक्सलच्याच उंचीवर असल्यामुळे ओढ्यात तीही बुडते आणि हवेऐवजी पाणी घेते. चिखलानं बुजली, तर आणखी वाईट. मग गाडी तापल्यावर आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो, ते जातं ब्रेक लायनरवर. आणि गाडी निवल्यावर त्याच वाटेनं पाणी आत येतं. टोपी उघडी असली तरी पंचाईत, बुजली तरी पंचाईत. आमच्या जीपची टोपी कुणीतरी खालून रंग मारताना मनोभावे रंगवून टाकली होती. निळ्या रंगाचे तीन हात होते तिच्यावर.

पाणी प्यायलं की नाही, याची तपासणी हा स्वतंत्र सोहळा आहे. फिलर प्लग काढायचा, करंगळी आत घालायची, बाहेर काढून उजेडात धरायची, अंगठ्यावर चोळायची. तेल मधाळ आणि नितळ असलं तर सुटका. दुधाळ निघालं तर सुतक. नवरा ती करंगळी घेऊन सरळ स्वयंपाकघरात येतो आणि माझ्या नाकाखाली धरून विचारतो, ‘अगं, तुला काय वाटतं?’ गिअर ऑइलमध्ये गंधक असतं. ते जुनं झालं की त्याचा वास कपड्यांना, पडद्यांना आणि पाहुण्यांच्या आठवणींना कायमचा चिकटतो. मला काय वाटतं ते मी सांगते. ते छापण्यासारखं नसतं.

मिस्त्रींची पद्धत जास्त सभ्य. जीप रात्रभर सपाट जागी उभी करायची. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे जे घुसळलं गेलं नाही ते तळाशी जाऊन बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता तळाचा ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करायचा. त्या दिवशी आधी काहीच आलं नाही. मग प्लगच्या कडेनं एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. अगदी स्वच्छ पाणी. पाठोपाठ धार लागली, ती गढूळ होत गेली आणि शेवटी राखाडी-पांढरं तेल जड जड ओघळू लागलं. सगळे गप्प होते. मी पण गप्प होते, कारण ते सगळं ज्या टबात पडत होतं तो लोणच्याच्या कैऱ्या धुवायचा माझा टब होता.

असं तेल बदलावंच लागतं. पाणी मिसळल्यावर तेलाचा थर गिअरच्या दातांमध्ये टिकत नाही, बेअरिंगवर गंज धरतो, मग एक दिवस मागून बारीक रडल्यासारखा आवाज येऊ लागतो. तो एक्सलमधल्या क्राउन-पिनियन गिअरांचा असतो. काही दिवसांनी तोच आवाज बिल वाचणाऱ्याचा येतो.

यावरचा इलाज ऐकून मला हसू आलं. ब्रीदरची टोपी काढायची, तिथे निपल बसवायचा, त्याला तेल-उष्णता सोसणारी बोटाएवढी नळी जोडायची आणि नळीचं दुसरं टोक बॉनेटखाली, जमेल तितकं उंच नेऊन बांधायचं. टोकाला मोटारसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर लावला की धूळही जात नाही. एक्सल वर-खाली होतो म्हणून नळीला थोडी ढील द्यायची, सायलेन्सरपासून लांब ठेवायची. बस्स. चार खोल्यांच्या चार नळ्या. स्नॉर्केलच्या हिशेबात हा खर्च म्हणजे किरकोळीत किरकोळ. आणि तरी ज्या गाडीचं नाक टपावर गेलंय, तिचे ब्रीदर अजून घोट्यापाशीच, असं दृश्य जीपवाल्यांच्या कुठल्याही मेळाव्यात हमखास दिसतं.

यंत्राला श्वास घेऊ द्यावा लागतो, हे काही आजचं शहाणपण नाही. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जीप उतरवल्या, तेव्हा त्यांच्या फटी आधी लुकणासारख्या मसाल्यानं बुजवल्या होत्या आणि कोरड्यावर आल्यावर तो लवकरात लवकर खरवडून काढायचा होता. सगळी भोकं बुजवून कुठलंच यंत्र फार काळ चालत नाही. जुन्या लँड रोव्हरच्या क्लच हाउसिंगला तर तळाशी मुद्दाम भोक ठेवलेलं असायचं, झिरपलेलं तेल क्लच प्लेटवर न जाता खाली गळावं म्हणून. पाण्यात उतरण्याआधी त्यात बूच पिळून बसवायचं, बाहेर आल्यावर आठवणीनं काढायचं. १९४८ पासून आजवर ते बूच ओढ्याच्या काठावर कुणालाही वेळेत सापडलं नसणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिज जीप जोडायला घेतल्या. जीप आली, पण सोबत ती बुचाची शिस्त आली नाही.

मिस्त्रींचा दुसरा इलाज फुकट आहे आणि म्हणूनच कुणाला पटत नाही. ‘पाण्यात घालायच्या आधी गाडी हुबी करा. च्या प्या. तिला निवू द्या, मग हळू जावा.’ फोर बाय फोर घेणाऱ्या माणसाकडे पैसा असतो, मित्र असतात, टोचन करायला दोर असतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायची ताकद नसते. शेवटी मी थालीपिठांचा डबा ओढ्याच्या अलीकडेच उघडायचा असा नियम केला. आमचे एक्सल निवतात ते लोण्यामुळे.

एकदा आम्ही असे निवत बसलेलो असताना गुरं घेऊन एक आजोबा आले.

‘पल्याड जायचंय व्हय? मग पुलावरनं का न्हाई गेला? ह्यो काय फर्लांगावर हाय.’

‘पूल माहितीये आजोबा. आम्हाला पाण्यातूनच जायचंय.’

आजोबांनी जीपकडे बघितलं, स्नॉर्केलकडे बघितलं, माझ्याकडे कणवेनं बघितलं. ‘काय नवस हाय का?’

नवस बोलतानाही खोली बघून बोलावा. नव्या थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं छापलंय, गुरखा नावाच्या गाडीच्या पत्रकात ७००. हे आकडे संथ पाण्यासाठी असतात आणि नदी माहितीपत्रक वाचत नाही. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी भल्या मोठ्या गाडीला फरशीवरून ढकलून नेतं, मग नळी कितीही उंच बांधा. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा होऊ लागली. तिथे लोक खड्ड्यात गाड्या बुडवतात, पण मागे ओढून काढायला माणसं तयार असतात. आपल्या मागे फक्त म्हशी असतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्यांनी नवीकोरी फोर बाय फोर घेतली आणि ते ‘काय काय बसवू?’ विचारायला आमच्याकडे आले. नवऱ्यानं त्यांना सोफ्यावर बसवून सगळं सांगितलं: ८० अंश, सहावा हिस्सा, सीलाचं तोंड, दोन कप. मग खाली नेऊन बॉनेट उघडलं आणि चारही नळ्या कौतुकानं दाखवल्या. शेजाऱ्यांनी मान डोलावत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘पण बॉनेट लावल्यावर हे कुणाला दिसणार?’

रविवारी त्यांच्या गाडीला टपाच्याही वर जाणारं स्नॉर्केल लागलं. ‘आणि ब्रीदर?’ मी विचारलं.

‘ते ना वहिनी,’ ते म्हणाले, ‘दिवाळीनंतर बघू.’